जुनं लोडॅश, नवं लोडॅश, प्रोजेक्ट एकच: एनपीएमची टोपणनावं कशी वापरायची

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्याच्या वाट्याला कोरं काम कमी आणि चालू प्रोग्रॅमची डागडुजी जास्त येते. जिनिंगचा हिशोब, आडतीच्या पावत्या, केळी व्यापाऱ्याची खरेदीवही. हे प्रोग्रॅम एकदा चालू झाले की दहा-दहा वर्षं कुणी हात लावत नाही, आणि मग एक दिवस मालक म्हणतो, यात एवढं एक नवीन टाकून द्या.

इथे उदाहरणाला रावेर-सावदा भागातला केळी खरेदीचा असाच एक प्रोग्रॅम धरू. कोड २०१५ चा, सगळीकडे लोडॅश (याद्या हाताळणाऱ्या तयार जावास्क्रिप्ट फंक्शन्सचं पॅकेज) ३.१०.१. आता रोजच्या भावाचा तक्ता जोडायचा आहे आणि त्यासाठी आणलेला कोड लोडॅश ४ वर लिहिलेला आहे. जुन्या शंभर फायली एका बैठकीत नव्यावर नेणं शक्य नाही, कारण हंगाम चालू आहे आणि पावत्या थांबवता येत नाहीत. दोन्ही आवृत्त्या काही काळ शेजारी शेजारी नांदवायच्या आहेत. त्यासाठीच एनपीएममध्ये, म्हणजे नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची पॅकेजं बसवणाऱ्या साधनात, टोपणनावाची सोय आहे: पॅकेज आपण ठेवलेल्या दुसऱ्या नावाने बसवता येतं. ती आवृत्ती ६.९.० मध्ये, म्हणजे २०१९ साली आली. यार्न या तसल्याच दुसऱ्या साधनात त्याआधीपासून होती.

वाचायला सोपं जावं म्हणून खालच्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाका, अंक इंग्रजी पद्धतीचे घ्या. @, :, ^, / ही चिन्हं जशीच्या तशी. पॅकेजचं टोपणनावसुद्धा रोमन लहान अक्षरांतच हवं, ते ठिपक्याने किंवा अंडरस्कोअरने सुरू होऊ नये.

नेमकं काय बदलतं

बदलतं फक्त फोल्डरचं नाव. नोड_मॉड्यूल्समध्ये (बसवलेली पॅकेजं इथे राहतात) लोडॅश नावाच्या फोल्डरऐवजी लोडॅश३ नावाचा फोल्डर तयार होतो आणि रजिस्ट्रीवरून, म्हणजे एनपीएमच्या सार्वजनिक कोठारातून, आलेला लोडॅशचा माल त्यात उतरतो. आतल्या पॅकेज.जेसन या माहितीच्या फाईलमध्ये नाव "लोडॅश" असंच राहतं. नोडला किंवा बंडलरला (सगळा कोड एकत्र बांधणाऱ्या साधनाला) टोपणनाव नावाची काही चीज माहीतच नसते. त्यांना इंपोर्टमध्ये लोडॅश३ दिसलं की ते त्या नावाचा फोल्डर शोधतात आणि तो सापडतो. पुढच्या बहुतेक अडचणी याच एका गोष्टीतून निघतात, तेव्हा ती पक्की लक्षात ठेवा.

टाइपस्क्रिप्टमधले पाथ्स किंवा वेबपॅकमधलं रिझॉल्व्ह-अलायस हे वेगळं प्रकरण आहे. ते इंपोर्टचा पत्ता वळवतात, काहीही बसवत नाहीत. दोन्हींची सरमिसळ केली की कोणती आवृत्ती चालतेय हे शोधता शोधता दिवस जातो.

बसवणं

आधी एनपीएमची आवृत्ती पाहा:

एनपीएम -व्ही

६.९.० च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका, आधी नोड बदला. मग हव्या त्या मालिकेत शेवटची आवृत्ती कोणती निघाली ते विचारा:

एनपीएम व्ह्यू लोडॅश@३ व्हर्जन

तीनच्या मालिकेतल्या सगळ्या आवृत्त्या येतील, शेवटची ३.१०.१. आता बसवा:

एनपीएम इन्स्टॉल लोडॅश३@एनपीएम:लोडॅश@३
एनपीएम इन्स्टॉल लोडॅश@४

रचना अशी: आधी तुम्ही ठेवलेलं नाव, मग @, मग "एनपीएम:" हा शब्द कोलनसकट, मग खरं नाव, परत @ आणि आवृत्ती. शेवटची आवृत्ती गाळली तर सगळ्यात ताजी बसते, आणि इथे तर तेच टाळायचं आहे. पॅकेज.जेसनमध्ये साधारण असं दिसायला हवं (चारच्या मालिकेचा शेवटचा आकडा पुढे गेलेला असू शकतो):

"डिपेन्डन्सीज": {
  "लोडॅश": "^४.१७.२१",
  "लोडॅश३": "एनपीएम:लोडॅश@^३.१०.१"
}

कमांडऐवजी या दोन ओळी हाताने लिहून नुसतं "एनपीएम इन्स्टॉल" चालवलं तरी चालतं. विंडोजवर काम करत असाल तर तेच बरं, कारण तिथे दोन खड्डे आहेत. आवृत्तीआधीचं ^ म्हणजे त्याच मालिकेतली पुढची आवृत्तीही चालेल; पण कमांड प्रॉम्प्टमध्ये ^ हे विशेष चिन्ह आहे. अवतरणाशिवाय लोडॅश@^३.१०.० लिहिलंत तर ^ वाटेतच गळतं, एनपीएमपर्यंत नुसतं ३.१०.० पोचतं आणि ३.१०.१ ऐवजी तेच बसतं. चूक दिसत नाही, कारण तक्रार कुणीच करत नाही. दुसरा खड्डा पॉवरशेलचा. टोपणनाव @ ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ @जुने/लोडॅश, तर पॉवरशेल त्या @ चा आपल्याच पद्धतीने अर्थ लावते आणि कमांड फुटते. दोन्हीकडे उपाय एकच: "एनपीएम इन्स्टॉल"च्या पुढचा पॅकेजचा सगळा मजकूर दुहेरी अवतरणात ठेवा.

टोपणनाव फक्त रजिस्ट्रीवरच्या पॅकेजला देता येतं. गिटच्या पत्त्याला किंवा स्थानिक फोल्डरला "एनपीएम:" लावलं तर एनपीएम सरळ नकार देतं. त्यांना तशी गरजही नाही, पॅकेज.जेसनमध्ये डाव्या बाजूला जे नाव लिहाल तेच फोल्डरला मिळतं. टोपणनावाला आणखी टोपणनावही देता येत नाही.

मग लॉक फाईल (नेमक्या कोणत्या आवृत्त्या बसल्या याची नोंद) गिटमध्ये टाका. तिच्यात "नोड_मॉड्यूल्स/लोडॅश३" या नोंदीखाली "नेम": "लोडॅश" अशी वेगळी ओळ येते; साध्या पॅकेजला ती नसते. कोडची तपासणी करणाऱ्याने ती ओळ आवर्जून पाहावी. तुमची लॉक फाईल उघडलीत तर स्ट्रिंग-विड्थ-सीजेएस, स्ट्रिप-अँसी-सीजेएस अशा नोंदी बहुधा आधीच सापडतील. तीही टोपणनावंच आहेत: स्ट्रिंग-विड्थची पाचवी मालिका फक्त नव्या ईएसएम (इंपोर्टच्या) पद्धतीने चालते, म्हणून जुन्या रिक्वायरसाठी चौथी मालिका दुसऱ्या नावाने सोबत ठेवलेली असते.

बसलं का ते पाहणं

एनपीएम एलएस लोडॅश३

उत्तरात लोडॅश३@एनपीएम:लोडॅश@३.१०.१ असं यायला हवं. नुसतं लोडॅश३@ आणि पुढे कुठलातरी आकडा आला, मध्ये "एनपीएम:" नाही, तर काहीतरी भलतंच बसलंय. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. प्रत्यक्ष कोड कोणता चालतो हे पाहायचं तर:

नोड -पी "रिक्वायर('लोडॅश३').व्हर्जन"

इथे व्हर्जन हा शब्द सगळा मोठ्या अक्षरांत टाका. लोडॅश स्वतःची आवृत्ती याच नावाने सांगतं. प्रत्येक पॅकेजमध्ये अशी सोय नसते. तिथे टोपणनाव/पॅकेज.जेसन रिक्वायर करून आतलं "व्हर्जन" वाचतात, पण एक्सपोर्ट्सची यादी दिलेल्या नव्या पॅकेजमध्ये तो रस्ताही बंद असू शकतो. मग फोल्डर उघडून डोळ्यांनी वाचा, त्यात कमीपणा नाही.

टोपणनाव कुणाला: जुन्याला

पहिला मोह असा होतो की जुना कोड तसाच राहू द्यावा आणि नव्याला लोडॅश४ म्हणावं. एकाही जुन्या फाईलला हात लागत नाही, म्हणून ते सोयीचं वाटतं. तरी करू नका. वर्षभराने सगळा कोड नव्यावर आला की शंभर फायलींत लोडॅश४ राहील आणि खरं नाव मोकळं पडेल. मग ते बदलायचं आणखी एक काम. प्रत्यक्षात ते कुणी करत नाही, आणि नवीन येणारा मुलगा लोडॅश४ कुठून आलं म्हणून विचारत बसतो.

उलट करा. खरं नाव नव्याला, टोपणनाव जुन्याला. याची किंमत म्हणजे सुरुवातीला सगळ्या फायलींत एकदा शोधून बदलणं: 'लोडॅश' च्या जागी 'लोडॅश३', आणि 'लोडॅश/' ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या जागी 'लोडॅश३/'. या एका कमिटमध्ये दुसरं काहीही करू नका. एकही फंक्शन सुधारू नका. प्रोग्रॅम जसा कालपर्यंत चालत होता तसाच चालला पाहिजे, कारण चालतो तोच माल आहे, फक्त फोल्डरचं नाव वेगळं.

आतल्या पत्त्यांकडे लक्ष असू द्या. तिसऱ्या मालिकेत फंक्शन्स उपफोल्डरांत होती, लोडॅश/कलेक्शन/प्लक अशी. चौथीत सगळी एकाच पातळीवर आली, लोडॅश/मॅप. म्हणजे बदल अर्धवट राहिलेली एखादी फाईल जुन्या पत्त्याने नव्या पॅकेजमध्ये शिरेल आणि मॉड्यूल सापडत नाही म्हणून लगेच ओरडेल. ओरडणारी चूक चांगली.

यानंतर एकेक फाईल लोडॅश३ वरून लोडॅशवर आणायची. किती उरलं हे कधीही विचारता येतं:

गिट ग्रेप -एल लोडॅश३ -- एसआरसी

जेवढ्या ओळी तेवढ्या फायली शिल्लक. नव्या फायलींत कुणी सवयीने लोडॅश३ वापरू नये म्हणून कोड तपासणाऱ्या ईएसलिंटचा नो-रिस्ट्रिक्टेड-इंपोर्ट्स हा नियम इशारा पातळीवर लावा, आणि लिंटच्या कमांडला --मॅक्स-वॉर्निंग्ज पुढे आजच्या इशाऱ्यांचा आकडा द्या. एक जरी नवीन इंपोर्ट आला तरी बिल्ड पडेल. फायली सुटत जातील तसा तो आकडा खाली आणत जा.

गप्प राहून चुकणारी फंक्शन्स

खरी मेहनत इथे आहे. लोडॅश ४ जानेवारी २०१६ मध्ये आलं तेव्हा बरीच नावं काढून टाकली गेली: प्लक, कंटेन्स, ऑल, एनी, इंडेक्सबाय, सॉर्टबायऑर्डर, पॅडलेफ्ट. यांची भीती नाही. फाईल नव्यावर आणली की त्या ओळीवर "फंक्शन नाही" अशी चूक येते. प्लकच्या जागी मॅप, कंटेन्सच्या जागी इन्क्लूड्स, ऑल-एनीच्या जागी एव्हरी-सम, इंडेक्सबायच्या जागी कीबाय, सॉर्टबायऑर्डरच्या जागी ऑर्डरबाय, पॅडलेफ्टच्या जागी पॅडस्टार्ट लिहिलं की झालं. ती ओळ एकदा तरी चालवून मात्र पाहायला हवी, कारण जावास्क्रिप्ट ही चूक चालल्याशिवाय सांगत नाही.

घात करतात ती नाव तसंच राहिलेली, पण दुसरा आर्ग्युमेंट घेणं बंद केलेली फंक्शन्स. समजा दिवसाचे सौदे असे आहेत:

सौदे = [
  { गाव: 'सावदा', प्रकार: 'पिलबाग', वजन: ६०, भाव: १४५० },
  { गाव: 'रावेर', प्रकार: 'नवती', वजन: ८५, भाव: १६२० },
  { गाव: 'सावदा', प्रकार: 'नवती', वजन: ४०, भाव: १५८० }
]

जुन्या कोडमध्ये _.मॅक्स(सौदे, 'भाव') म्हटलं (_ म्हणजे लोडॅश) की रावेरचा १६२० चा सौदा मिळतो. लोडॅश ४ मध्ये मॅक्स फक्त यादी घेतं. 'भाव' हा शब्द ते पाहतही नाही. मग ते ऑब्जेक्ट एकमेकांशी ताडायला जातं, कुणीच कुणापेक्षा मोठा ठरत नाही आणि यादीतला पहिला तसाच परत येतो. म्हणजे त्या दिवसाचा सर्वोच्च भाव म्हणून सावद्याचे १४५० पडद्यावर. चूक नाही, इशारा नाही, आकडाही अगदी खरा वाटणारा. व्यापाऱ्याच्या लक्षात यायला आठवडा जाईल, तोपर्यंत अहवाल छापून झालेले. इथे मॅक्सबाय हवं, मिनच्या जागी मिनबाय. या सगळ्या "बाय" नावांत बीचं अक्षर मोठं असतं.

_.सम(सौदे, 'वजन') चंही तेच. जुन्यात १८५ क्विंटल येतं. नव्यात आकडा नाहीच, "ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट" अशी कंसांची माळ येते. निदान डोळ्यांना खुपते, म्हणून लवकर सापडते. पण तीच किंमत पुढे कशानेतरी गुणली तर उत्तर नॅन (हा आकडाच नाही) येतं आणि मग मूळ शोधत मागे जावं लागतं. उपाय समबाय.

_.युनिक(सौदे, 'गाव') जुन्यात गावागणिक एक सौदा देत होतं. नव्यात तिन्ही सौदे तसेच येतात, कारण तीन वेगळे ऑब्जेक्ट म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी. गावाच्या निवडयादीत सावदा दोनदा दिसलं तर हेच कारण समजा. युनिकबाय वापरा.

चौथा प्रकार धिस (फंक्शन ज्या ऑब्जेक्टसाठी चालतं तो) पाठवण्याचा. जुन्यात _.मॅप(यादी, फंक्शन, धिस) असा तिसरा आर्ग्युमेंट देता येत होता, मॅपच नव्हे तर इच, फिल्टर अशा सगळ्यांना; रिड्यूसला तो चौथा. नव्यात तो सरसकट काढला. फंक्शनच्या आत धिस.दर वाचत असाल तर स्ट्रिक्ट मोडमध्ये चूक येईल, आणि जुन्या ढिल्या मोडमध्ये अनडिफाइन्ड. बाणाचं फंक्शन लिहिलं की तिसऱ्या आर्ग्युमेंटची गरजच उरत नाही.

म्हणून फाईल हलवण्याआधी तिच्यात मॅक्स, मिन, सम, युनिक हे चार शब्द आणि तिसऱ्या (रिड्यूसमध्ये चौथ्या) जागी धिस एवढं शोधून घ्या. टोपणनावाचा इथे एक चांगला उपयोग होतो: दोन्ही आवृत्त्या हाताशी आहेत, तर चाचणीत एकाच दिवसाचे सौदे दोन्हींना द्या, जुन्याचं _.मॅक्स आणि नव्याचं _.मॅक्सबाय यांची उत्तरं ताडून पाहा. वर्षभराच्या जुन्या नोंदी असतील तर त्या सगळ्या एकदा त्यातून फिरवा. जुन्या प्रोग्रॅमला चाचण्या नसतात ही उणीव त्याने बरीच भरून निघते.

आजूबाजूची साधनं

टाइपस्क्रिप्ट असेल तर लोडॅश३ साठी टाइप सापडत नाहीत म्हणून लगेच तक्रार येईल. ते @टाइप्सच्या खाली इंपोर्टच्याच नावाचा फोल्डर शोधतं, म्हणजे @टाइप्स/लोडॅश३. तेव्हा टाइपच्या पॅकेजलाही टोपणनाव द्यायचं:

एनपीएम इन्स्टॉल -डी "@टाइप्स/लोडॅश३@एनपीएम:@टाइप्स/लोडॅश@३"

यातलं डी मोठं. पॅकेज स्वतःच टाइप घेऊन येत असेल तर हे करावं लागत नाही.

चाचण्या चालवणाऱ्या जेस्टमध्ये 'लोडॅश' मॉक केलेलं (चाचणीपुरतं खोटं रूप दिलेलं) असेल तर ते लोडॅश३ ला लागू होत नाही. नाव बदललं तिथे मॉकचंही नाव बदला. बंडलरच्या सेटिंगमध्ये पॅकेज नावाने नोंदलेली असतात, तीही पाहा. एक्स्टर्नल्समध्ये लोडॅश बाहेरून येणार असं लिहून पानावर स्क्रिप्ट टॅगने जोडलं असेल, तर लोडॅश३ त्या सवलतीत बसत नाही आणि गुपचूप बंडलमध्ये येऊन बसतं. दोन प्रती म्हणजे दुप्पट वजन हेही धरा. लोडॅश ४ ची पूर्ण बांधणी जीझिप केल्यावर साधारण २४ केबी भरते. कार्यालयातल्या संगणकाला त्याचं काही नाही, पण सातपुड्याच्या पायथ्याशी बागेत उभं राहून मोबाइलवर पावती फाडणाऱ्याला रेंज येते-जाते, त्याच्यासाठी तरी हलवण्याचं काम रेंगाळू देऊ नका.

जिथे टोपणनाव चालत नाही

लोडॅशसारखं पॅकेज निरुपद्रवी असतं: माल आत द्या, उत्तर घ्या, आठवण काही ठेवत नाही. स्वतःची स्थिती किंवा स्वतःची ओळख सांभाळणारी पॅकेजं तशी नसतात.

हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये पैशासाठी डेसिमल.जेएस बरेचदा असतं. त्याच्या दोन प्रती ठेवल्या तर एका प्रतीवर ठरवलेली अचूकता आणि राउंडिंगचा नियम दुसरीला कळत नाही. पावतीवर एक रक्कम, खातेवहीत एका पैशाने वेगळी, आणि ऑडिटरसमोर उत्तर नाही. एका प्रतीने बनवलेली संख्या दुसऱ्या प्रतीच्या इन्स्टन्सऑफ तपासणीत नापासही होते. असं पॅकेज एका झटक्यात बदला, टोपणनाव देऊ नका.

सगळ्यात जास्त लोक स्क्रीन बांधणाऱ्या रिअ‍ॅक्टवर अडकतात. रिअ‍ॅक्ट १८ खऱ्या नावाने, जुने स्क्रीन चालवायला रिअ‍ॅक्ट१७ आणि रिअ‍ॅक्ट-डॉम१७ टोपणनावाने, असा बेत असतो. आता फोल्डरची गोष्ट आठवा. रिअ‍ॅक्ट-डॉम१७ च्या आतला कोड रिक्वायर('रिअ‍ॅक्ट') म्हणतो. त्याला तुमचं टोपणनाव माहीत नाही. तो वर चढत खऱ्या नावाच्या फोल्डरपाशी येतो आणि त्याला मिळतं १८. त्याआधीच एनपीएम ७ पासूनच्या आवृत्त्या ईरिझॉल्व्ह म्हणून थांबतात, कारण रिअ‍ॅक्ट-डॉम १७ ला सोबतीला रिअ‍ॅक्ट १७ हवं असतं आणि ही पिअर डिपेन्डन्सी खऱ्या नावानेच मोजली जाते. इथे --लेगसी-पिअर-डेप्स लावून पुढे ढकलणारे बरेच असतात. बसतं, आणि मग चालताना "इनव्हॅलिड हुक कॉल" येतं. ती अडचण सुटलेली नसते, फक्त इन्स्टॉलच्या वेळेवरून चालण्याच्या वेळेवर सरकलेली असते.

अशा वेळी जुने स्क्रीन वेगळ्या फोल्डरात, त्याच्या स्वतःच्या पॅकेज.जेसनसह ठेवा, एनपीएमच्या वर्कस्पेसेसमध्ये हे नीट बसतं. दोन्ही भाग वेगवेगळे बिल्ड करून एकमेकांना लिंकने जोडा. काम थोडं जास्त, पण दिवसाढवळ्या समजणारं.

नाव तेच, माल दुसरा

टोपणनाव उलटंही वापरता येतं: डाव्या बाजूला ओळखीचं नाव आणि उजवीकडे भलतंच पॅकेज. तुमच्या थेट डिपेन्डन्सीच्याही पोटात असलेलं पॅकेज बदलायचं असेल तर हे ओव्हरराइड्समध्ये लिहितात, एनपीएम ८.३ पासून:

"ओव्हरराइड्स": {
  "रोलअप": "एनपीएम:@रोलअप/वॅझम-नोड@^४"
}

हे उदाहरण कामाचं आहे. रोलअप ४ हा बंडलर प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा नेटिव्ह तुकडा उतरवतं. ज्या मशीनवर तो चालत नाही तिथे हे वेबअसेम्ब्लीवरचं रूप बसवलं की बिल्ड होते, थोडी हळू. दुसरा नेहमीचा उपयोग म्हणजे एखादं पॅकेज मूळ लेखकाने सोडून दिलंय, तुम्ही दुरुस्त प्रत आपल्या स्कोपखाली (पॅकेजच्या नावाआधीचा @ ने सुरू होणारा भाग) प्रसिद्ध केलीत, आणि सगळीकडे तीच चालवायची आहे.

ओव्हरराइड्स फक्त प्रोजेक्टच्या मुळाशी असलेल्या पॅकेज.जेसनमधूनच वाचले जातात. तेच पॅकेज तुमच्या थेट डिपेन्डन्सीतही असेल आणि तिथली आवृत्ती जुळत नसेल तर एनपीएम ईओव्हरराइड म्हणून अडवतं. दोन्हीकडे अक्षरशः एकच मजकूर ठेवा. बदल लागू झालाय असं दिसत नसेल तर नोड_मॉड्यूल्स आणि लॉक फाईल काढून पुन्हा बसवा, पण मग लॉक फाईलमध्ये इतर काय काय हललं ते गिट डिफमध्ये वाचल्याशिवाय कमिट करू नका.

तारखा हाताळणाऱ्या मोमेंटच्या नावावर तसंच दुसरं पॅकेज, डे.जेएस, बसवायचा मोह मात्र आवरा. दोघांचे फंक्शन बरेचसे सारखे दिसतात, म्हणून पहिल्या दिवशी सगळं चालल्यासारखं वाटतं. पण मोमेंटमध्ये तारीख.ॲड(१, 'मंथ') म्हटलं की तीच तारीख पुढे सरकते, डे.जेएस नवी तारीख परत देतं आणि मूळ तशीच राहते. परत आलेली किंमत न घेणारी प्रत्येक जुनी ओळ गप्प बसून काहीच करत नाही. उधारीची मुदत महिनाभर वाढवली, आणि तारीख होती तिथेच.

नावावरून येणारा धोका

लोडॅश३ हे नाव तुम्ही तुमच्या प्रोजेक्टपुरतं ठेवलंय, रजिस्ट्रीला त्याचं काही देणंघेणं नाही. नवीन माणसाने कोडमध्ये लोडॅश३ वाचलं, मशीनवर सापडलं नाही, आणि सवयीने "एनपीएम इन्स्टॉल लोडॅश३" चालवलं, तर त्या नावाने रजिस्ट्रीवर कुणीही जे काही टाकलं असेल ते उतरेल. इन्स्टॉल होतानाच पॅकेज स्क्रिप्ट चालवू शकतं, तेव्हा ही चेष्टा नाही. टोपणनाव शक्यतो तुमच्याच मालकीच्या स्कोपखाली ठेवा, @तुमचास्कोप/लोडॅश३ असं. चुकून कुणी बसवायला गेलं तर तिथे दुसऱ्या कुणाचा माल असूच शकत नाही. नव्या माणसाला "एनपीएम इन्स्टॉल" नव्हे, "एनपीएम सीआय" चालवायला सांगा: ते लॉक फाईलबाहेर जात नाही, आणि पॅकेज.जेसनशी ती जुळत नसेल तर थांबतं. उन्हाळ्यात भारनियमनामुळे इन्स्टॉल अर्ध्यात तुटला असेल तरी तेच चालवा. नोड_मॉड्यूल्स आधी साफ करून ते पहिल्यापासून बसवतं.

आणि जुन्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या त्रुटी नाव बदलल्याने जात नाहीत. लोडॅशच्या तीनच्या मालिकेत प्रोटोटाइप पोल्यूशनसारख्या (बाहेरच्या माहितीने सगळ्या ऑब्जेक्टचा मूळ साचा बिघडवणाऱ्या) गोष्टी उघड्याच आहेत, त्या चारमध्ये दुरुस्त झाल्या. बाहेरून आलेली माहिती मर्ज करणाऱ्या फायली हलवायच्या यादीत सगळ्यात वर घ्या.

दुसरे मॅनेजर, आणि सर्व्हर

यार्नमध्ये "यार्न ॲड", पीएनपीएममध्ये "पीएनपीएम ॲड", पुढचा मजकूर तोच. ओव्हरराइड्सला यार्नमध्ये रिझोल्यूशन्स म्हणतात. सर्व्हरवर जुना नोड पडून असेल तर तिथे "अनसपोर्टेड यूआरएल टाइप एनपीएम:" अशी चूक येते. कोडमध्ये काही शोधत बसू नका, सर्व्हरचं एनपीएम ६.९.० च्या आधीचं आहे एवढाच त्याचा अर्थ.

काढून टाकणं

गिट ग्रेपला एसआरसीमध्ये काही सापडेनासं झालं की एसआरसीच्या बाहेरही एकदा शोधा: स्क्रिप्ट्सचा फोल्डर, जेस्ट आणि बंडलरच्या सेटिंग फायली, ईएसलिंटचा तो नियम. रात्री बॅकअप घेणारी किंवा महिनाअखेरीला एकदाच चालणारी स्क्रिप्ट बहुतेक वेळा इथेच विसरलेली असते. मग:

एनपीएम अनइन्स्टॉल लोडॅश३ @टाइप्स/लोडॅश३

पॉवरशेलमध्ये दुसरं नाव अवतरणात. त्यानंतर "एनपीएम एलएस लोडॅश --ऑल" चालवा. तिसरी मालिका अजून दिसत असेल तर ती तुमची नाही, कुठल्यातरी दुसऱ्या पॅकेजच्या पोटातली आहे. कुणाच्या, ते त्याच झाडात वरच्या ओळीवर लिहिलेलं असतं. ते पॅकेज आधी नव्या आवृत्तीवर नेऊन पाहा, आणि ते नेता येत नसेल तरच ओव्हरराइड्स.